पदकाची वाट गावातून जाते

दर चार वर्षांनी ऑलिंपिक आले की आपल्या घराघरांत एक ठरलेला संवाद झडतो. दूरदर्शन संचासमोर बसलेले आजोबा विचारतात, ‘एवढा मोठा आपला देश, आणि पदके किती?’ कुणीतरी आकडा सांगतो. पॅरिसला 2024 मध्ये तो सहा होता, एक रौप्य आणि पाच कांस्य. मग काका म्हणतात, खेळ आपल्या रक्तातच नाही. मामा म्हणतात, सगळे राजकारण आहे. धाकटी मुलगी म्हणते, आमच्या शाळेत खेळाचा तास गणिताच्या बाई घेतात. या तिघांत सर्वांत खरे कोण बोलले, याचा विचार करण्याआधीच चहा येतो. दोन आठवड्यांनी ज्योत विझते आणि पुढची चार वर्षे आपण पुन्हा क्रिकेटच्या धावफलकाकडे वळतो.

त्या मधल्या चार वर्षांविषयी बोलायचे आहे, आणि तेही रत्नागिरीत बसून. पदके पॅरिसला, टोकियोला किंवा हांगझोऊला मिळत असली, तरी ती तयार होतात कुठल्यातरी गावच्या मातीत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या इतिहासातली बहुतेक नावे लहान गावांची आहेत. गोळेश्वर, कवठेपिरान, मांडवा, तळेगाव रोही, कांबळवाडी. शहरी वाचकाला नकाशात शोधावी लागतील अशी ही गावे. मग आपल्या कोकणाने, या जिल्ह्याने, त्या इतिहासाला काय दिले आणि काय द्यायचे राहून गेले, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायला हवा.

अनवाणी पायांची सुरुवात

भारताच्या नावावर ऑलिंपिकची पहिली पदके 1900 साली पॅरिसलाच लागली. कोलकात्याच्या नॉर्मन प्रिचर्डने 200 मीटर धावणे आणि 200 मीटर अडथळ्यांची शर्यत अशी दोन रौप्यपदके मिळवली. पण तो एकटाच गेलेला गडी. भारताचा म्हणून संघ पाठवण्याची खटपट सुरू झाली ती पुण्यात. 1906 मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. 1919 च्या सुमारास जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत त्यांनी खेड्यापाड्यांतून आलेली, अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहिली. बूट नाहीत, प्रशिक्षक नाही, आणि तरी त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणारी. ही पोरे बाहेर न्यायलाच हवीत, असे दोराबजींच्या मनाने घेतले. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला, पदरचे पैसे घातले आणि 1920 मध्ये सहा जणांचा छोटा संघ बेल्जियममधल्या अँटवर्पला रवाना झाला.

त्या सहांत बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते 19 वे आले. कुस्तीत रणधीर शिंदे यांचे पदक अगदी थोडक्यात हुकले आणि त्यांना चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. आगबोटीने महिनाभर प्रवास करून गेलेल्या, अनोळखी नियमांनी खेळणाऱ्या माणसांची ही कामगिरी आहे. आज आपण ती विसरलो, कारण पदक मिळाले नाही की आपल्याकडे नावही उरत नाही.

पुढे 1927 मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली, 1928 मध्ये ॲमस्टरडॅमला हॉकीचे पहिले सुवर्ण आले आणि 1980 पर्यंत हॉकीत आठ सुवर्णे जमली. त्या झळाळीत बाकीचे खेळ झाकोळून गेले. 1951 मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. 11 देश आले होते आणि पदकतक्त्यात भारत जपानच्या खालोखाल दुसरा होता. मुंबईच्या लेव्ही पिंटोने 100 आणि 200 मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या देशाने हा सोहळा भरवला, ही गोष्ट साधी नव्हती.

गहाण पडलेले घर

मग आले 1952 चे हेलसिंकी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे नाव प्रत्येक मराठी घराला माहीत असते, पण त्यामागची जमाखर्चाची वही फारशी कुणी उघडत नाही. 1948 मध्ये लंडनला खाशाबा गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. तांबड्या मातीत वाढलेला हा मल्ल तिथे मॅटवर खेळला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर पुन्हा पैशांची ओढाताण. सरकार दरबारी दाद लागेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली.

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी याच्याशी झालेली कुस्ती लांबली. त्या दमवणाऱ्या कुस्तीनंतर लगेच रशियाच्या रशीद मम्मदबेयॉव्हशी लढायला त्यांना बोलावले गेले. नियमाप्रमाणे मध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला आपल्या पथकातला एकही अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगतात. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाड स्टेशनापासून 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि त्यानंतर या गड्याने काय केले? कुस्त्यांचे फड भरवले, त्यातून पैसा जमवला आणि खर्डेकरसरांचे घर सोडवले.

खाशाबा पुढे पोलीस खात्यात नोकरीला लागले. 1984 मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, इसवी सन 2000 चा. देशाला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला 44 वर्षे लागली. ते 1996 मध्ये अटलांटाला लिअँडर पेसने आणले. महाराष्ट्राला तर 72 वर्षे थांबावे लागले. 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक घेतले. वडील शिक्षक, आई गावची सरपंच, स्वतः मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत लहानपणी दाखल झालेला हा मुलगा.

खाशाबा आणि स्वप्नील यांच्यामधली ही 72 वर्षे कोरडी होती असे मात्र नाही. 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत कवठेपिरानच्या मारुती माने यांनी आणि गणपतराव आंदळकर यांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये मुरलीकांत पेटकर यांनी 50 मीटर पोहण्यात विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा सांगली जिल्ह्यातला जवान. त्यांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, म्हणजे 46 वर्षांनी. खडकीच्या वसाहतीत वाढलेल्या धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली 1998 मध्ये बँकॉकला हॉकीचे आशियाई सुवर्ण 32 वर्षांनी परत आले. 2018 मध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने नेमबाजीत सुवर्ण मिळवले आणि आशियाई स्पर्धांत असे करणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली.

ही सगळी नावे एका ओळीत ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. या प्रत्येकाच्या मागे कुणीतरी उभे होते. कुठे संस्थानिक, कुठे प्राचार्य, कुठे लष्कर, कुठे रेल्वे. अंगातली रग पुष्कळांना असते, पाठीवरचा हात थोड्यांनाच मिळतो.

चाकरमान्यांचा खेळ

आता आपल्या दारात येऊ. रत्नागिरी जिल्ह्याचे नाव या इतिहासात ठळक अक्षरांत दिसत नाही, ते दोन ओळींच्या मधे वाचावे लागते. लोकमान्य टिळकांचा जन्म या गावातला. कॉलेजातले पहिले वर्ष त्यांनी पुस्तके बाजूला ठेवून तालमीत आणि पोहण्यात घालवले, ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण आपल्या मुलाने दहावीच्या वर्षी मैदानावर जायचे म्हटले तर किती घरांतून होकार येतो?

जिल्ह्याचे खरे योगदान आहे ते कबड्डीत, आणि ते मुंबईमार्गे गेलेले आहे. गेल्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्यांत जी माणसे राबत होती, त्यांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही आपल्यातच होता, तो 1981 मध्ये वेगळा झाला. परळ, लालबाग, डिलाइल रोडच्या चाळींत दहा बाय दहाच्या खोलीत दहा जण राहत. पाळी संपली की गावाकडचा खेळ मांडला जाई. त्याला ना बॅट लागते ना चेंडू. सात गडी, चार रेघा आणि एक दम. गावातला हुतूतू चाळींच्या मधल्या जागेत रुजला, तिथे मंडळे झाली, मंडळांचे सामने झाले, चांगल्या गड्याला गिरणीत, बँकेत, रेल्वेत नोकरी मिळू लागली. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी आले की तोच खेळ सुधारून पुन्हा गावच्या मैदानात उतरे. मनीऑर्डरबरोबर मुंबईने कोकणाला हीसुद्धा एक गोष्ट पाठवली.

या देशी खेळांना जगापुढे नेण्याची धडपड महाराष्ट्रातूनच झाली. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुढे ज्यांना सारा महाराष्ट्र कबड्डीमहर्षी म्हणून ओळखतो त्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी हयातभर या खेळाची पालखी वाहिली. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, राज्यात कबड्डीदिन म्हणून पाळला जातो. 1982 च्या दिल्ली आशियाडमध्ये कबड्डीचे प्रदर्शनीय सामने झाले आणि 1990 मध्ये बीजिंगला ती पदकाचा खेळ झाली.

बीजिंगची ती आठवण मुद्दाम सांगण्याजोगी आहे. त्या स्पर्धांत भारताला एकच सुवर्णपदक मिळाले, आणि ते कबड्डीचे होते. ज्या खेळाला आपले शिकलेले लोक ‘गावठी’ म्हणून नाक मुरडत होते, त्याने देशाची लाज राखली. चाळींतल्या आणि खेड्यांतल्या ज्या हजारो अनामिक गड्यांनी गुडघे फोडून हा खेळ जिवंत ठेवला, त्यांचाही त्या पदकात वाटा आहे.

घरचे लेकरू, परक्याचे अंगण

पण ज्या खेळाला आपण आपला म्हणतो, त्याचे पुढे काय झाले? 1990 ते 2014 पर्यंत आशियाई सुवर्ण पुरुषांनी सोडले नाही. 2010 पासून महिलांची कबड्डी सुरू झाली, तीही आपणच जिंकत होतो. 2014 च्या विजेत्या संघात मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती. मग 2018 मध्ये जकार्ताला पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला आणि दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणनेच आपल्याला 27-24 असे हरवले.

त्या इराणी मुलींना शिकवणारी प्रशिक्षिका होती नाशिकची शैलजा जैन. अनेक वर्षे नाशिकच्या मैदानावर मुली घडवणाऱ्या या बाईंना भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदाची संधी मिळाली नाही. इराणने बोलावले. त्यांनी तिथली भाषा शिकून घेतली, त्या मुलींना दम धरायला शिकवले आणि सुवर्णपदक मिळवून दिले. यावर काहींनी देशप्रेमाचे प्रश्न काढले. खरा प्रश्न निराळाच आहे. घरातल्या जाणत्या माणसाला ओसरीवर बसवून ठेवायचे आणि शेजाऱ्याने त्याला पाटावर बसवले की डोळे वटारायचे, ही आपली जुनी खोड आहे.

2023 मध्ये हांगझोऊला दोन्ही सुवर्णे परत आली. पुरुष संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. पण महिलांचा अंतिम सामना आपण चिनी तैपेईविरुद्ध केवळ एका गुणाने जिंकला, 26-25. जग शिकले आहे. खेळ मातीवरून मॅटवर गेला, बूट आले, चित्रफिती पाहून डावपेच आखणे आले. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर पैसाही आला. आणि त्याच काळात कोकणातल्या कित्येक वाड्यांत सामन्याला सातवा गडी मिळेनासा झाला. गावात म्हातारी माणसे, बंद घरे आणि राखणीला ठेवलेली आंब्याची कलमे. तरणी पोरे विरार-बदलापूरला. पूर्वी मुंबईला गेलेला मुलगा चाळीत खेळत तरी असे. आज त्याचा दिवस लोकलच्या गर्दीत सुरू होतो आणि तिथेच संपतो. गिरण्या 1982 च्या संपानंतर मोडल्या, मैदानांवर मनोरे उभे राहिले. ज्या शिडीने आपली पोरे वर चढली ती शिडी काढून घेतली गेली, आणि तिच्या जागी दुसरी लावायची कुणाला आठवण झाली नाही.

विहिरी खणणारा नावाडी

याहून टोचणारी गोष्ट पुढे आहे. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. पाण्याची टंचाई पाचवीला पुजलेली. तिथला दत्तू भोकनळ हा विहिरी खणणाऱ्या बापाचा मुलगा, आणि तोही बापाबरोबर तेच काम करी. वडील वारल्यावर तो 2012 मध्ये सैन्यात भरती झाला. तिथे कुणीतरी त्याची उंची आणि खांदे पाहून त्याला पुण्याच्या रोइंग केंद्रात नेले. पाण्याची भीती वाटणारा हा मुलगा 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात 13 वा आला आणि 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत भारताच्या चौघांच्या नावेत बसून सुवर्णपदक घेऊन परतला.

आता आपला नकाशा पाहा. बाणकोटपासून विजयदुर्गच्या खाडीपर्यंत जिल्ह्याला दीडशे किलोमीटरहून अधिक किनारा. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्यांच्या लांब, संथ खाड्या. दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड इथे वल्हे हातात घेऊनच मोठी झालेली दालदी, भोई, खारवी समाजांची पोरे. ज्यांच्या खांद्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वल्हे आहे, त्यांतल्या किती जणांना माहीत आहे की जगात वल्हवण्याच्या शर्यती होतात, त्यांना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक असते? केरळने आपल्या सर्पनौकांच्या शर्यती देशाला दाखवल्या आणि अलप्पुळाला जलक्रीडेचे केंद्रही उभे राहिले. आपण नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतो आणि पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत त्याला विसरतो. दुष्काळी गावचा पोर नावाडी झाला आणि खाडीकाठचा पोर मुंबईत वॉचमन झाला, यात नशिबाचा दोष थोडा, आपला जास्त.

धावण्याचेही तेच. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर चालत-पळत शाळेत जाई. सैन्यात गेला, सियाचिनच्या बर्फात पहारा दिला, मग स्टीपलचेस हा अडथळ्यांचा प्रकार निवडला. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत त्याने केनियाच्या मक्तेदारीत शिरून रौप्य घेतले, 2023 मध्ये हांगझोऊला सुवर्ण, आणि 2024 मध्ये ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत उतरला. आपल्या सड्यांवरून आणि घाट्यांवरून शाळा गाठणारी मुले-मुली आजही आहेत. त्यांच्या पायाकडे पाहणारा डोळा कुठे आहे?

पावसाला दोष देऊ नका

कोकणात मैदाने का नाहीत, असे विचारले की उत्तर मिळते, पाऊस. हे खरे आहे. जांभ्या दगडाच्या कातळावर सपाट जागा मिळणे कठीण, आणि चार महिने धो धो पाऊस. पण पाऊस काही काल सुरू झालेला नाही. राज्यातल्या शालेय स्पर्धांचा तालुका पातळीवरचा हंगाम नेमका श्रावण-भाद्रपदात येतो. देशावर त्या वेळी मैदाने हिरवीगार असतात आणि आपल्याकडे चिखलाने भरलेली. कबड्डी, खो-खोची मुले चिखलात घसरत खेळतात आणि पुढच्या फेरीत मॅटवर सराव केलेल्या मुलांपुढे उभी राहतात. निकाल काय लागणार, हे ज्योतिषाला विचारायला नको.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक तालुक्यात पत्र्याचे छप्पर असलेले एक पटांगण आणि एक मॅट. मोठ्या शहरात चकचकीत क्रीडासंकुल बांधायला जो पैसा लागतो, त्याच्या कणभर भागात हे होईल. पुण्याला 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडी उभी राहिली, ते योग्यच झाले. 2008 मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथे झाल्या. पण राजापूरच्या किंवा मंडणगडच्या मुलीला बालेवाडी म्हणजे नातेवाइकाच्या लग्नाला जाताना बसच्या खिडकीतून दिसली तर दिसणारी इमारत. रत्नागिरी शहरात मारुती मंदिरापाशी शिवाजी स्टेडियम आहे. जिल्ह्याच्या टोकाच्या वाडीतून तिथे रोज येणे कुणाला परवडेल?

दुसरा उपाय म्हणजे खेळाचा तास खेळाला देणे. अनेक लहान शाळांत खेळाचा शिक्षकच नाही, आणि पट कमी म्हणून शाळाच मिटण्याच्या वाटेवर आहेत. आठ-दहा मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघ कसे करणार? मग चार शाळांनी मिळून आठवड्यातून एक दिवस एकत्र खेळायचे, तालुक्याने एक फिरता क्रीडाशिक्षक द्यायचा. याला कायद्यात बदल लागत नाही, मनात लागतो.

तिसरा उपाय खाडीतला. एका खाडीवर, एकाच, वल्हवण्याचे केंद्र सुरू करून पाहा. सैन्यातून निवृत्त झालेले, या खेळात मुरलेले मराठी जवान आहेत. त्यांना बोलवा. शैलजाबाईंना जसे आपण दुसऱ्याच्या अंगणात जाऊ दिले, तसे यांचे होऊ नये.

वर्गणीच्या वहीत एक पान

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. रविवारी सकाळी पोह्यांबरोबर ते बरे वाटते. पण खाशाबांच्या वहीतली पहिली नोंद सरकारची नव्हती. ती एका शिक्षकाची होती, आणि त्याखाली गावकऱ्यांच्या अंगठ्यांच्या.

आपल्या जिल्ह्यात ही ताकद आजही आहे. गावागावाचे ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ असते. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पाहता पाहता लाखांची वर्गणी जमते, कळस चढतो, कमान उभी राहते. देवाच्या कामाला कुणी ना म्हणू नये. पण त्याच वहीत एक पान गावातल्या एखाद्या पोरीच्या बुटांसाठी, तिच्या प्रवासभाड्यासाठी, तिच्या दूध-अंड्यांसाठी ठेवले तर ग्रामदेवता रागावणार आहे का? आपल्या पालख्या नाचवणाऱ्या खांद्यांना तिने कधी दुजाभाव दाखवल्याचे ऐकिवात नाही.

आणि घरातल्यांनी एक करावे. मुलगी मैदानावरून उशिरा आली तर ‘कुठे होतीस’ असे विचारण्याआधी ‘जिंकलीस का’ असे विचारावे. 1952 मध्ये हेलसिंकीला मेरी डिसोझा ही वांद्र्याची मुलगी धावली, तेव्हा भारतातून ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या मोजक्या स्त्रियांत ती होती. आज जानेवारी 2025 च्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी विजय मिळवला तो प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या दोन मराठी कर्णधारांच्या नेतृत्वाखाली. ज्या खेळाचे नियम 1914 मध्ये डेक्कन जिमखान्यावर बसून आखले गेले, तो शंभरावर वर्षांनी जगाच्या पटांगणात आला. या सगळ्यात मुलींचा वाटा वाढतो आहे आणि तो आणखी वाढायला अडसर आहे तो बहुधा आपल्याच उंबरठ्याचा.

2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे, 2036 च्या ऑलिंपिकसाठीही भारताने हात वर केला आहे. यजमानपद मिळाले की रस्ते होतील, मैदाने होतील, उद्‌घाटने होतील. पण यजमानाच्या घरची मुले पंगतीत वाढायलाच राहिली आणि पाटावर पाहुणेच बसले, तर त्या यजमानपदाला अर्थ काय? 2036 मध्ये वीस-बावीस वर्षांचा असणारा खेळाडू आज प्राथमिक शाळेत आहे. तो कदाचित गुहागरच्या एखाद्या वाडीत असेल, कदाचित दापोलीच्या खाडीकाठी बापाच्या होडीत बसून जाळे आवरत असेल. त्याच्या अंगात काय आहे हे त्यालाही माहीत नाही. ते ओळखायला दोराबजींची श्रीमंती लागत नाही, त्यांची नजर लागते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत चाकरमानी गावी येतील, तेव्हा मंडळाच्या बैठकीत कमानीच्या रंगाआधी या पोराचा विषय निघाला, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.